मायामीची पोरे आणि इंडियानाचा झेंडा : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये प्रशिक्षक नेमताना आता काय पाहायचे?

ब्लूमिंग्टनकर

मायामी गार्डन्स येथील हार्ड रॉक स्टेडियमवर १९ जानेवारी २०२६ रोजी इंडियाना विद्यापीठाने मायामी विद्यापीठाला २७-२१ असे हरवले आणि फुटबॉलमधले आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यानंतर फेब्रुवारीतली खेळाडूंच्या सह्यांची तारीखही उलटली. आता मन थोडे स्थिरावले आहे, म्हणून हा धागा काढतो आहे. मला चर्चा करायची आहे ती प्रशिक्षकांच्या नेमणुकीची, खेळाडूंच्या विद्यापीठबदलाची आणि या दोन्हींमुळे त्या त्या प्रदेशातल्या भरतीचे काय होणार याची.

मी २००३ साली एमएस करण्यासाठी ब्लूमिंग्टनला आलो आणि इथलाच झालो. त्या काळी आमच्या मेमोरियल स्टेडियमवर मध्यंतरानंतर हव्या त्या जागी जाऊन बसता येत असे, कारण निम्मे प्रेक्षक उठून गेलेले असत. हे बास्केटबॉलचे राज्य आहे आणि फुटबॉल म्हणजे बास्केटबॉलचा हंगाम येईपर्यंतचा वेळ, असे इथे सगळेच धरून चालत. मैदानाच्या उत्तर टोकाला चुनखडीचा एक मोठा दगड आहे. प्रशिक्षक टेरी हेपनर यांनी तो २००५ मध्ये तिथे आणवला आणि तेव्हापासून खेळाडू मैदानात उतरताना त्याला हात लावतात. हेपनर २००७ मध्ये कर्करोगाने गेले. दगड तिथेच राहिला, आणि पुढची कित्येक वर्षे त्याला हात लावून उतरलेली मुले बहुधा हरूनच परतली. सर्वाधिक पराभव नावावर असलेले विद्यापीठ म्हणूनच आमची देशभर ओळख होती.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी कर्ट सिग्नेटी यांची नेमणूक झाली तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. २००७ ते २०१० या काळात ते अलाबामाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली भरतीचे समन्वयक होते. ती मोठी जागा सोडून ते पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले, पुढे इलॉन आणि मग जेम्स मॅडिसन या विद्यापीठांत गेले. इंडियानाला येताना त्यांनी जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू सोबत आणले. २०२३ मध्ये ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) असलेला संघ २०२४ मध्ये ११-२ झाला आणि २०२५ च्या हंगामात १६ पैकी १६ सामने जिंकला.

आता त्या अंतिम सामन्यातले दोन क्षण पाहा. चौथ्या सत्रात चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, आमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) फर्नांडो मेंडोझा चेंडू स्वतःच्या हातात ठेवून बारा यार्ड धावला आणि शेवटी बचावपटूंच्या अंगावरून झेप घेत पडला. पुढे मिनिटाहूनही कमी वेळ उरला असताना जमारी शार्पने मायामीचा पास अडवून सामना संपवला. हे दोघेही मायामीचे आहेत. मेंडोझा ज्या शाळेत शिकला ती त्या मैदानापासून गाडीने अर्ध्या तासावर असेल. त्याला मायामीने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो आधी येलला जायला निघाला होता, मग कॅलिफोर्निया बर्कलीला गेला आणि तिथून आमच्याकडे येऊन हाइझमन हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जिंकला. १९७९ मध्ये मायामीचे प्रशिक्षक झालेल्या हॉवर्ड श्नेलेनबर्गर यांनी दक्षिण फ्लोरिडाभोवती रेघ ओढून त्या भागाला ‘मायामीचे राज्य’ म्हटले होते. त्या रेघेच्या आतली मुले बाहेर जाऊ द्यायची नाहीत, या एका निश्चयावर त्यांनी १९८३ च्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. आता त्याच रेघेच्या आतल्या मुलांनी इंडियानाच्या कपड्यांत येऊन मायामीला तिच्याच मैदानावर हरवले.

म्हणून माझे मत असे की, ‘या माणसाला आपल्या भागातल्या शाळा ओळखतात का’ हा प्रश्न नेमणूक करताना आता दुसरा झाला आहे. ‘या माणसाला खेळाडू ओळखता येतो का’ हा पहिला. आपले काय मत आहे?

मेघना_केटी

ब्लूमिंग्टनकर, आपले मनापासून अभिनंदन. परंतु आपण ज्या प्रश्नाला दुसरा म्हणता, तो आमच्याकडे आजही पहिलाच आहे, आणि तो मागे पडला तर काय होते हे मी जवळून पाहिले आहे.

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीला राहतो. शाळेच्या संघासाठी २०१७ मध्ये बांधलेले इथले लेगसी स्टेडियम सुमारे सात कोटी डॉलर्सचे आहे. डॅलसकडच्या ॲलनमध्ये २०१२ साली उघडलेले शाळेचे मैदान अठरा हजार आसनांचे आहे. माझा मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवतो, त्यामुळे चार वर्षे दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिथेच असतो. ऑगस्टच्या अखेरीस सायंकाळी सात वाजता अंगाची लाही होत असताना ही मुले लोकरी टोप्यांसह पूर्ण गणवेशात उभी असतात. समोर लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतली धिप्पाड मुले, पाण्याच्या बाटल्या डोक्यावर उपड्या करत असतात, आणि कुंपणापाशी टोपी घातलेला एखादा कॉलेजचा सहायक प्रशिक्षक हातातल्या कागदावर काहीतरी टिपत असतो. तो कोणाच्या क्रमांकाकडे पाहतो आहे हे अख्ख्या गॅलरीला ठाऊक असते.

माझ्या मुलाच्या वर्गात असाच एक लाइनमन आहे. त्याला एका विद्यापीठाने अकरावीत असताना शिष्यवृत्तीची तोंडी ऑफर दिली होती. गेल्या डिसेंबरात, सह्यांच्या आठवड्यात, त्यांनी फोन करून सांगितले की ती जागा पोर्टलमधून येणाऱ्या बावीस वर्षांच्या खेळाडूसाठी राखली आहे. त्यात बेकायदा काही नव्हते, कारण तोंडी ऑफर बांधून घेणारी नसते. पण त्या मुलाच्या आईने आधीच दोन विद्यापीठांना नकार कळवला होता.

मेंडोझाची गोष्ट सुंदर आहे. पण प्रत्येक प्रशिक्षक तयार, पिकलेला खेळाडू शोधू लागला, तर सतरा वर्षांच्या मुलाला पिकवायचे कोणी? टेक्सस टेकचे जोई मॅग्वायर यांचे उदाहरण घ्या. ते अनेक वर्षे सीडर हिल या शाळेचे प्रशिक्षक होते आणि त्या शाळेला त्यांनी राज्याची तीन विजेतेपदे मिळवून दिली. त्यांना टेकने नेमले ते टेक्ससमधल्या शाळाप्रशिक्षकांना ते आपल्यातले वाटतात म्हणूनच. २०२५ मध्ये टेकने बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठगटाचे आपले पहिले विजेतेपद जिंकले.

पुण्याहून_वाचक

विषय रोचक आहे; मात्र मी हा खेळ केवळ दूरचित्रवाणीवर पाहतो. पोर्टल म्हणजे नेमके काय, आणि विद्यार्थी खेळाडू दरवर्षी विद्यापीठ कसे बदलू शकतो, हे कोणी समजावून सांगेल का? आमच्या वेळी आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठ बदलले की एक वर्ष घरी बसावे लागत असे.

ब्लूमिंग्टनकर

इथेही तसेच होते. विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला एक वर्ष बाहेर बसावे लागे, आणि जुना प्रशिक्षक अमुक ठिकाणी जाऊ नकोस असे अडवूही शकत असे. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी पोर्टल सुरू झाले. ती खरे तर केवळ नावांची यादी आहे: खेळाडूने आपले नाव त्यात घातले की इतर विद्यापीठांना त्याच्याशी बोलता येते. २०२१ मध्ये एकदा विनाखंड बदल करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छायाचित्रावर पैसे कमावता येऊ लागले. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयाने बदलांवरची उरलीसुरली मर्यादा रोखली, आणि २०२४ च्या वसंतात नियमच बदलला. आता अभ्यासात पात्र असलेला खेळाडू हवे तितक्या वेळा जाऊ शकतो.

जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या हाउस खटल्यातली तडजोड न्यायालयाने मान्य केली. त्यानुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, आणि पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून ही मर्यादा विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर्स ठेवली आहे. यंदा पोर्टलची खिडकी, म्हणजे नाव घालण्याची मुदत, एकच होती, २ ते १६ जानेवारी. ती उघडी असतानाच राष्ट्रीय स्पर्धेचे उपांत्य सामनेही चालू होते. म्हणजे प्रशिक्षकाने सकाळी प्रतिस्पर्ध्याच्या चाली अभ्यासायच्या आणि दुपारी पुढच्या वर्षीचा संघ फोनवर जमवायचा. हे वेळापत्रक मला अजिबात पटत नाही.

हंट्सव्हिलकर

राष्ट्रीय स्पर्धेतल्या रोझ बोल सामन्यात १ जानेवारीला ब्लूमिंग्टनकरांच्या संघाने आमचा, म्हणजे अलाबामाचा, ३८-३ असा पराभव केला, तरीही त्यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे.

सेबन यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निवृत्ती जाहीर केली आणि दोनच दिवसांत वॉशिंग्टनचे केलन डीबोर यांची नेमणूक झाली. प्रशिक्षक गेला की खेळाडूंना तीस दिवसांची खिडकी मिळेल, असा तेव्हाचा नियम होता. त्या खिडकीतून केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला. तो पहिल्याच वर्षात होता आणि संघात सर्वाधिक टॅकल (प्रतिस्पर्ध्याला पाडून अडवणे) त्याच्या नावावर होते. जेमतेम सामान लावलेला क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिनही तिकडेच गेला, आणि आयझेया बाँड टेक्ससला गेला. पुढच्या जानेवारीत ओहायो स्टेटने विजेतेपद उचलले तेव्हा डाउन्स त्यांच्या बचावाचा कणा होता. मी इथे १९९८ पासून आहे. प्रशिक्षक बदलला की संघाचे घर एका आठवड्यात असे रिकामे होते, हे मी पहिल्यांदा पाहिले. घर बांधायला सेबन यांना तीन वर्षे लागली होती.

तेव्हा आमच्याकडे डीबोर यांच्याविरुद्ध मोठा आक्षेप हाच होता की ते साउथ डकोटाचे आहेत, त्यांना जॉर्जियातल्या आणि आमच्या मोबाइल शहराकडच्या शाळा ठाऊक नाहीत. मला तो आक्षेप तेव्हाही अपुरा वाटला होता. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हँडरबिल्टने आम्हाला ४०-३५ असे हरवले. त्यांचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया न्यू मेक्सिकोचा होता. तो आधी कनिष्ठ महाविद्यालयात आणि मग न्यू मेक्सिको स्टेटला खेळला होता आणि तिथले प्रशिक्षकही त्याच्यासोबत नॅशव्हिलला आले होते. त्या मुलाला पाहायला अलाबामातून कोणी अल्बुकर्कीला गेले नव्हते.

मेघनाताईंनी मातीचा, म्हणजे आपल्या भागातल्या मुलांचा, मुद्दा मांडला, त्यात एक गोष्ट जोडतो. या मातीचा अभिमान पूर्वी सर्वांसाठी नव्हता. १२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅममध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाने अलाबामाला ४२-२१ असे हरवले, तेव्हा सॅम कनिंगहॅम हा कृष्णवर्णीय फुलबॅक १३५ यार्ड धावला. आमच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विल्बर जॅक्सन त्याच वर्षी दाखल झाला होता, पण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना खेळता येत नसल्याने तो मैदानाबाहेर होता. त्याआधी अलाबामातली आणि टेक्ससमधली किती गुणी मुले मिशिगन स्टेटसारख्या उत्तरेकडच्या विद्यापीठांत गेली! त्यांना ‘घरचे’ विद्यापीठ घ्यायलाच तयार नव्हते. त्यामुळे मुलाला स्वतःच्या पायांनी चालत दुसरीकडे जाता येते, याला मी मुळात वाईट म्हणू शकत नाही.

उसाच्या_फडातून

मी वेस्ट पाम बीचला राहतो. मूळचा शिरोळ तालुक्यातला. ‘मायामीच्या राज्याचा’ उल्लेख आला म्हणून राहवले नाही.

ओकिचोबी सरोवराच्या काठी बेल ग्लेड आणि पहोकी ही दोन छोटी गावे आहेत. जमीन आमच्या नदीकाठच्या मळीसारखी काळी, आणि नजर जाईल तिथवर ऊस. तोडणीआधी पाचट जाळण्यासाठी फडाला आग लावतात. आग पुढे सरकू लागली की आतले ससे जीव घेऊन बाहेर पळतात, आणि गावातली पोरे त्यांच्यामागे धावतात. धूर डोळ्यांत जातो, पायाखाली ढेकळे असतात, आणि ससा सरळ कधीच पळत नाही. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला लावून कितीतरी वेळ उभा होतो, कारण जळत्या उसाचा तो गोडसर वास मला थेट घरी घेऊन गेला. या दोन गावांनी अँक्वान बोल्डिन, फ्रेड टेलर, सँटोनियो होम्स यांच्यासारखे किती खेळाडू व्यावसायिक फुटबॉलला दिले! गावांची लोकवस्ती पाहिली तर विश्वास बसत नाही.

माझा मुद्दा असा आहे की, अशा गावात खेळाडू शोधायला कोणीतरी प्रत्यक्ष यावे लागते. पोर्टलमधल्या खेळाडूच्या कॉलेजमधल्या सामन्यांच्या चित्रफिती असतात, आकडे असतात, एकमेकांशी तुलना करता येते. पहोकीच्या सोळा वर्षांच्या मुलाकडे यातले थोडेच असते. त्याची आजी कोण, तो शनिवारी कुठे काम करतो, दुखापतीनंतर तो सरावाला परत आला की नाही, हे त्याचा शाळाप्रशिक्षक सांगतो, आणि तो ते वर्षानुवर्षे ओळखीच्या असलेल्या माणसालाच सांगतो. ब्लूमिंग्टनकर, आपल्या इंडियानाचा डी’अँजेलो पाँड्स याच दक्षिण फ्लोरिडातून जेम्स मॅडिसनला गेला होता. उंची पाच फूट नऊ इंच, म्हणून मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. सिग्नेटी यांच्या माणसांनी त्याला शाळेत असतानाच हेरले होते. पोर्टलमधून ते त्याला इंडियानाला घेऊन गेले हे खरे, पण तो सापडला तो शाळेच्या मैदानावर.

बॅटनरूजकर

आमच्या राज्यात सध्या या विषयाशिवाय दुसरे बोलणे नाही, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

लुइझियानाची परिस्थिती इतर राज्यांहून वेगळी आहे. टेक्सस आणि फ्लोरिडा येथे मोठी विद्यापीठे अनेक आहेत, तर इथे सर्वोच्च स्तरावरचे मोठे नाव एकच, एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी. न्यू ऑर्लिन्सपासून श्रीव्हपोर्टपर्यंत मुलगा चांगला खेळू लागला की तो तिकडेच जाणार, असे घरोघरी गृहीत धरलेले असते. सेबन २००० साली इथे आले तेव्हा राज्यातली मुले राज्यातच ठेवायची यावर त्यांनी भर दिला, आणि २००३ मध्ये विजेतेपद आले. २०१९ चे विजेतेपद मात्र ओहायोतून आलेल्या जो बरोच्या हातून मिळाले, तेही पंधरापैकी पंधरा सामने जिंकून. म्हणजे आमच्याच दोन विजेतेपदांत या चर्चेच्या दोन्ही बाजू आहेत.

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी आमचे प्रशिक्षक ब्रायन केली यांना काढले. त्यांच्या कराराची उरलेली रक्कम सुमारे पाच कोटी चाळीस लाख डॉलर्स होती. पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना त्याच महिन्यात काढले, आणि टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढताना साडेसात कोटींहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले होते. हा पैसा कोणत्या तर्काने कबूल केला जातो, हे मला अजूनही समजत नाही. प्रशिक्षकाला दहा वर्षांचा भक्कम करार हवा असतो, कारण त्याशिवाय शाळेतला मुलगा ‘मी पदवी घेईपर्यंत तुम्ही असाल का’ असे विचारतो. पण मुलगाच आता एका वर्षात निघून जाऊ शकत असेल, तर त्या दीर्घ कराराचे मूळ कारणच उरत नाही.

मग ३० नोव्हेंबरला लेन किफिन मिसिसिपी विद्यापीठ सोडून आमच्याकडे आले. मिसिसिपी तेव्हा ११-१ होते आणि राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचलेले होते. प्रशिक्षक गेला, तरीही पीट गोल्डिंग यांच्या हाताखाली त्या मुलांनी शुगर बोल या उपांत्यपूर्व सामन्यात जॉर्जियाला ३९-३४ असे हरवले, आणि उपांत्य सामन्यात मायामीशी केवळ चार गुणांनी हरले. त्यांचा क्वार्टरबॅक ट्रिनिडाड चँबलिस मिशिगनमधल्या फेरिस स्टेट या दुसऱ्या श्रेणीच्या विद्यापीठातून आलेला होता. त्याला शोधून काढणारी नजर किफिन यांची, हे मी मान्य करतो. आमचे नवे प्रशिक्षक या नजरेसाठीच आणले आहेत. पण संघ स्पर्धेत असताना सोडून जाणे मला रुचले नाही, आणि ते माझ्याच विद्यापीठासाठी झाले म्हणून रुचले असे म्हणणार नाही. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला, त्या विद्यापीठाच्या गावी, राहणाऱ्या माझ्या आतेभावाला त्या दिवशी मी फोन केला नाही. काय बोलावे हे सुचेना.

ओमाहाची_सुनंदा

मेघना, तुमच्या मुलाच्या वर्गमित्राबद्दल वाचून फार वाईट वाटले. आमच्या नेब्रास्कात यापेक्षाही एक पायरी खालची मुले भरडली जात आहेत, म्हणून लिहिते.

या राज्यात मोठी शहरे दोनच, आणि शिष्यवृत्ती मिळावी असे खेळाडू मोजके. त्यावर नेब्रास्का विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी शोधलेला उपाय म्हणजे शिष्यवृत्तीविना येणारी मुले. कुठल्याशा शेतावरचा, आठ खेळाडूंच्या संघातून खेळलेला मुलगा स्वतःच्या खर्चाने लिंकनला, विद्यापीठाच्या गावी, यायचा, तीन वर्षे फक्त सरावात धक्के खायचा आणि चौथ्या वर्षी मैदानात उतरायचा. १९९४, १९९५ आणि १९९७ च्या विजेत्या संघांत अशा मुलांचा मोठा वाटा होता. माझ्या शेजारच्या आजोबांच्या बैठकीत त्यांच्या मुलाच्या सरावातल्या जर्सीची चौकट आहे. तो एकाही सामन्यात उतरला नाही, तरी ती चौकट तिथे आहे. १९६२ पासून लिंकनचे मैदान एकदाही रिकामे राहिलेले नाही, त्याचे कारण मला त्या बैठकीत समजले.

हाउस तडजोडीने शिष्यवृत्तींची ८५ ही मर्यादा काढली, परंतु संघाची एकूण संख्या १०५ वर बांधली. आधीपासून संघात असलेल्यांना न्यायाधीशांनी सवलत मिळवून दिली. पुढच्या मुलांना ती नाही. पैसे मिळू लागले हे न्याय्यच आहे. पण स्वतःच्या खर्चाने यायला तयार असलेल्या मुलाला जागाच नसावी, हे मला कळत नाही. आणि वारसा तरी कुठे टिकतो? क्वार्टरबॅक डिलन रायोलाचे वडील नेब्रास्काचे नावाजलेले सेंटर (पुढच्या फळीच्या मधला खेळाडू). तो इथे आला तेव्हा घरचा मुलगा आला म्हणून आम्ही आनंदलो होतो. या जानेवारीत तोही ऑरेगनला गेला. त्याचा राग नाही. आम्ही त्याच्यावर आपल्या आठवणींचे ओझे ठेवले होते, एवढेच.

नागपूरकर_कोलंबस

पुण्याच्या वाचकांना एक जवळचे उदाहरण देतो. २०१७ मध्ये विदर्भाने मुंबईचे चंद्रकांत पंडित यांना प्रशिक्षक म्हणून आणले. मुंबईचाच वसीम जाफर आधीपासून संघात होता. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिली रणजी जिंकली तेव्हा विजयी फटका जाफरचा होता, परंतु कर्णधार फैज फझल नागपूरचा, आणि अंतिम सामन्यात शतक ठोकणारा यष्टिरक्षक अक्षय वाडकरही नागपूरचा. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो. आमच्या घरी ‘ही रणजी आपली की मुंबईची’ असा वाद वडील आणि काका यांच्यात आठवडाभर चालला होता.

इंडियानाच्या संघातही असेच आहे. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी पेन स्टेटविरुद्ध अर्धे मिनिट उरले असताना गोलक्षेत्राच्या मागच्या रेषेवर, हवेत असतानाच एका पायाचा चवडा आत टेकवून ज्याने तो झेल घेतला, तो ओमार कूपर इंडियानापोलिसचाच. तो झेल सुटता तर २७-२४ हा निकाल उलटा असता आणि १६-० वगैरे काही झालेच नसते. बाहेरचा क्वार्टरबॅक फेकतो तो चेंडू पकडायला कोणीतरी घरचा लागतो, असे मला वाटते.

ब्लूमिंग्टनकर

आपणा सर्वांचे लिखाण दोनदा वाचले. पाँड्सविषयी ‘उसाच्या फडातून’ यांनी जे लिहिले आहे, त्याने माझ्या मांडणीत दुरुस्ती करावी लागते आहे. सिग्नेटी यांना पोर्टलमधला खेळाडू ओळखता येतो, असे मी लिहिले. पण ती ओळख त्यांना आली कुठून? सेबन यांच्याकडे असताना चार वर्षे ते शाळाशाळांतून हिंडले, आणि त्यानंतरची तेरा वर्षे अशा ठिकाणी काढली जिथे मोठ्या विद्यापीठांनी नाकारलेली मुलेच मिळत. कोणता मुलगा दोन वर्षांनी भरेल, हे ताडल्याशिवाय तिथे निभाव लागत नव्हता. म्हणजे प्रदेशातली भरती ही त्या नजरेची शाळाच होती. आज जे तरुण सहायक प्रशिक्षक कार्यालयात बसून केवळ पोर्टलच्या याद्या चाळतात, त्यांच्यातून पुढचे सिग्नेटी निघतील का, याची मला शंका वाटते.

त्यामुळे आज मला कोणी नेमणुकीच्या समितीवर बसवले, तर उमेदवाराला मी एकच विचारीन: तुम्ही शाळेच्या मैदानावर पाहिलेला, इतरांनी सोडलेला आणि तुमच्याकडे चार वर्षे राहून घडलेला एक खेळाडू सांगा. उत्तर देताना तो त्या मुलाच्या शाळाप्रशिक्षकाचे नाव घेतो का, याकडे माझे लक्ष असेल.

हंट्सव्हिलकर, १९७० चा आपला मुद्दा मी विसरणार नाही. सुनंदाताई, १०५ च्या मर्यादेविषयी मी पूर्णपणे आपल्या बाजूला आहे; शिष्यवृत्ती नसलेल्या वीस-पंचवीस मुलांना त्या संख्येत न मोजता संघात ठेवले तर कोणाचे काहीच बिघडत नाही. मेघनाताई, त्या लाइनमनचे पुढे काय झाले?

मेघना_केटी

विचारल्याबद्दल आभार. फेब्रुवारीच्या सह्यांच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत टेबले मांडली होती. प्रत्येक मुलासमोर त्याच्या विद्यापीठाची टोपी होती. त्याच्यासमोर दुसऱ्या श्रेणीच्या एका विद्यापीठाची टोपी होती. आमच्यापैकी बहुतेकांना त्या गावाचे नाव नकाशात शोधावे लागले. तिथले मुख्य प्रशिक्षक स्वतः सहा तास गाडी चालवून जानेवारीत त्याच्या घरी आले होते आणि जेवायला थांबले होते. त्यांनी त्याला सांगितले की पहिले वर्ष तो खेळणार नाही, वजन पंधरा पौंडांनी वाढवायचे आहे, आणि पावलांवर काम करायचे आहे. मोठ्या विद्यापीठाच्या माणसाने फोनवर यातले काही कधी सांगितले नव्हते, असे त्याची आई म्हणाली.

तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघतो. माझा मुलगा त्याला सोडायला सोबत जाणार आहे. परतीच्या वाटेवर गाडी कोण चालवणार, यावर सध्या आमच्या घरी बोलणी चालू आहेत.